सख्ख्या आत्याकडे जाताना

घरातलं पोर घरातच द्यायचं, त्याला सरकारची परवानगी कशाला, असं आमच्या अंबडात मला कितीतरी जणांनी ऐकवलं. स्टॅम्पपेपर आणा, चार जाणती माणसं बसवा, दत्तकपत्र लिहा, दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, की झालं. अशी दत्तकं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या झाली आहेत आणि १९५६च्या हिंदू दत्तक कायद्याने ती चालतातही. पण आमच्या नातीला अंबडहून परतूरला जायचं नव्हतं. तिला न्यूजर्सीला जायचं होतं.

माझा मुलगा आणि सून दोघंही २०२१च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. नात तेव्हा सहा वर्षांची होती. यांना हृदयाचा त्रास, मला जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. आम्ही तिला सांभाळत होतोच. पण ती कॉलेजात जाईल तेव्हा आमच्यापैकी कोण असेल, हा विचार दोघांनाही झोपू देत नव्हता. थोरली लेक लग्नानंतर अमेरिकेत गेलेली, नवरा-बायको दोघंही तिथले नागरिक. ती फोनवर एवढंच म्हणाली, "आई, माझ्या भावाची पोर आहे. मी नेते." माझ्या दिराचा मुलगा मेलबर्नला असतो, तोही तयार होता. पण २०१५च्या बाल न्याय कायद्यात नातेवाईक म्हणजे काका-आत्या, मामा-मावशी आणि आजी-आजोबा, एवढेच. चुलत काका त्यात बसत नाही. एका अंगणात वाढलेल्या चुलत भावंडांना सख्खं मानणाऱ्या घराला हे चटकन पटत नाही, पण कायद्याची ओळ स्पष्ट आहे.

जालन्याच्या आमच्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत दत्तकपत्राचा विषय मिटवला. "आजी, आत्ता दत्तकपत्र केलंत तर तिकडची वाट बंद होईल," त्या म्हणाल्या. आंतरदेशीय दत्तकासाठी १९९३चा हेगचा करार आहे. भारतात तो २००३पासून लागू आहे, अमेरिकेत २००८पासून. या करारात क्रम ठरलेला असतो आणि तो उलटा करून चालत नाही. आधी अमेरिकेने आई-बाप होऊ पाहणाऱ्यांना पात्र ठरवायचं, तो आय-८००ए नावाचा अर्ज. मग त्यांचा गृह अध्ययन अहवाल दिल्लीच्या 'कारा'कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे यायचा. काराने तो जालन्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे पाठवून मुलीच्या घरची चौकशी करायची. त्यानंतर या मुलीसाठी म्हणून दुसरा अर्ज, आय-८००. त्याला अमेरिकेची तात्पुरती मंजुरी मिळाली, त्यांच्या वकिलातीचं पत्र आलं, की मगच इथे दत्तकाचा आदेश. आदेश आधी झाला तर तो दुसरा अर्जच फेटाळला जातो.

लेक नोकरीच्या व्हिसावर असती तर हा रस्ताही नव्हता, कारण हे अर्ज तिथल्या नागरिकालाच करता येतात. व्हिसावर असलेल्यांना दत्तक मुलाचा कायदेशीर ताबा घेऊन दोन वर्षं त्याच्यासोबत राहिल्याचं दाखवावं लागतं, तेव्हा कुठे ते मूल त्यांचं म्हणून धरलं जातं. मूल इथे आणि नोकरी तिथे असताना दोन वर्षं एकत्र राहायचं कसं? आमच्या जिल्ह्यातली कितीतरी मुलं आज तिकडे अशाच व्हिसावर आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

कागदांच्या बाबतीत आमची खरी परीक्षा जन्मदाखल्याने घेतली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नोंद परतूरची. दाखल्यात बाळाच्या नावाची जागा कोरी. बारशाला नाव ठेवलं, शाळेत तेच लागलं, आधारवर तेच आलं. परतूरला जाऊन लिहून घ्यायला कुणाला सवड झाली नव्हती. जन्माच्या नोंदीपासून पंधरा वर्षांपर्यंत नाव लावून घेता येतं, त्यामुळे ते निभावलं. पण माझ्या मुलाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग विवाहाच्या दाखल्यावर एक, मृत्यूच्या दाखल्यावर दुसरं आणि मुलीच्या आधारवर तिसरं. गावात याने कुणाचं काही अडत नाही. परदेशी अधिकाऱ्यासमोर मात्र ती तीन वेगळी माणसं होतात. गेलेल्या मुलाचं नाव दुरुस्त करून द्या म्हणून खिडकीसमोर उभं राहायचं, आणि आतल्या माणसाने मान वर न करता "त्यांनाच पाठवा" म्हणायचं, हे मी कुणाच्याही वाट्याला येऊ नये म्हणते.

बाल संरक्षण कक्षाच्या मॅडम घरी आल्या तो दिवस मला बारकाव्यानिशी आठवतो. त्यांनी चहा नाकारला, पाणी घेतलं. मुलीचं दप्तर पाहिलं, ती कुठे झोपते ते पाहिलं, शेजारच्या काकूंना विचारलं, परतूरला तिच्या आजोळी फोन लावला. मग वही उघडून मला म्हणाल्या, "या मुलीच्या बदल्यात तुम्हाला कुणी पैसे दिले आहेत का, किंवा द्यायचं कबूल केलं आहे का?"

माझ्या अंगाची लाही झाली. सख्ख्या नातीचे पैसे? लेकीकडून? मी उठून आत जाणार होते. यांनी हात धरून बसवलं.

रागाचा भर ओसरल्यावर मला २०२१च्या मे महिन्यातले व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप आठवले. आई-बाप कोरोनात गेलेली तान्ही मुलं आहेत, कुणाला हवी असल्यास या नंबरवर फोन करा, असे निरोप आमच्या महिला मंडळातही फिरले होते. हे बेकायदेशीर आहे, असं काराला आणि सरकारला जाहीरपणे सांगावं लागलं. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा दत्तकांवर कारवाई करा म्हणून राज्यांना बजावलं. आणि हे काही त्या वर्षीच उपटलेलं नाही. परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचं काय काय होतं, याची तक्रार लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात नेली होती. १९८४मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी त्यावर जे नियम घालून दिले, त्यांच्यावरच पुढची सगळी व्यवस्था उभी राहिली. मॅडमच्या वहीतला तो प्रश्न माझ्यासाठी नव्हता. तो अशा आजीसाठी होता जिच्या दारात खरंच कुणीतरी पैसे घेऊन उभं असतं. मी उत्तर दिलं आणि त्याखाली सही केली.

आई-बाप हयात नसल्यामुळे आम्हा पालकांना बाल कल्याण समितीची परवानगीही लागली. तिकडे लेकीचीही झडती चाललीच होती. बोटांचे ठसे, पगार, घर, दोघांची तब्येत, मुलीने हट्ट केला तर काय कराल, इथपर्यंत. या सगळ्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती वेळेबद्दल. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद सरकायला महिनेच्या महिने जातात आणि त्या काळात पोर वाढत असते. तिचे दुधाचे दात पडले, ती दुसरीतून तिसरीत गेली, आत्याचं घर तिला फोनच्या पडद्यावर पाठ झालं. मधल्या काळात नवीन शाळा घ्यायची की नाही, डब्यातल्या मैत्रिणींना काय सांगायचं, हे तिला कळेना. नातेवाइकांतल्या दत्तकाला ठरावीक मुदत बांधून दिली आणि प्रत्येक जिल्ह्याच्या कक्षात हा क्रम मराठीत छापून भिंतीवर लावला, तर माझ्यासारख्यांची निम्मी वणवण वाचेल.

न्यायालयात अर्ज २०२२च्या पावसाळ्याच्या तोंडाशी गेला आणि १ सप्टेंबरपासून कायदाच बदलला. दत्तकाचे आदेश आता जिल्हाधिकारी देणार. आमची फाइल कोर्टात की कलेक्टर कचेरीत, हे सांगेल असा माणूस सापडेना. जानेवारी २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रलंबित प्रकरणं हलवू नका, न्यायाधीशांनीच ती ऐकावीत, असा अंतरिम आदेश दिला, तेव्हा आमची तारीख लागली.

पाच वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती लागते. न्यायाधीशांनी तिला चेंबरमध्ये बोलावलं, आम्हाला दाराशी बसवलं. आत काय झालं ते वकीलबाईंनी नंतर सांगितलं. कुठे जाणार, कुणाकडे जाणार, याची उत्तरं तिने नीट दिली. तुला काही विचारायचंय का, म्हटल्यावर तिने विचारलं, "आत्याला आई म्हणावं लागेल का?" न्यायाधीशांनी व्हिडिओवर असलेल्या लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, "आत्याच म्हण गं राणी. तुझी आई तुझीच आहे." मग नात म्हणाली, जाते मी.

आदेश झाला, काराचं ना-हरकत प्रमाणपत्र आलं, आत्या आणि तिच्या नवऱ्याची नावं आई-वडिलांच्या जागी लागलेला नवा जन्मदाखला आला, त्यावर पासपोर्ट निघाला. जनशताब्दीने मुंबईला जाऊन व्हिसाची वैद्यकीय तपासणी झाली; त्यात क्षयरोगासाठी रक्त घेतात, ते मात्र तिने रडून घर डोक्यावर घेऊन दिलं. आयएच-३ हा व्हिसा हातात आला आणि लेक येऊन तिला घेऊन गेली. तिथल्या २००० सालच्या बाल नागरिकत्व कायद्यामुळे या व्हिसावर उतरलेलं मूल आपोआप नागरिक होतं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. त्यामुळे अंबडला मत्स्योदरी देवीच्या जत्रेला यायचं तर आता तिला व्हिसा किंवा ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड लागणार, आणि ओसीआयच्या अर्जासाठी तोच परतूरचा दाखला पुन्हा बाहेर निघाला आहे.

राहिली जमीन. मुलाच्या वाट्याची मोसंबीची बाग वारसाने नातीच्या नावावर लागली आहे, सातबाऱ्यावर 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान मुलीची पालक म्हणून मी. भावकीत कुजबुज आहे, की पोर दत्तक गेली, अमेरिकन झाली, तिला अंबडची जमीन कशाला? बाल न्याय कायद्याचं कलम ६३ सांगतं, की दत्तकाच्या आदेशाआधी मुलाच्या नावे झालेली मालमत्ता त्याचीच राहते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डधारकाला इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने आलेली ठेवता येते. त्या कलमाची प्रत काढून मी घरात ठेवली आहे आणि विचारायला येईल त्याच्या हातात देते. माझं नाव काढून पालक म्हणून लेकीचं लावायचा अर्ज तलाठ्याकडे दिला आहे. यंदाच्या मृग बहाराचे पैसे आले की ते नातीच्याच खात्यात जातील.