बियाण्याचे भात

दूरचित्रवाणी मालिकांचे संकलन करणे हा माझा वीस वर्षांचा व्यवसाय. एवढ्या काळात नेमणुकीचे पत्र असे हाती कधी पडले नाही. मेहनताना भागागणिक ठरतो आणि तोही बहुधा नव्वद दिवसांनी मिळतो. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात. ते घसरले की कथा आवरती घेतली जाते आणि एका निरोपासरशी सारे युनिट घरी बसते.

महामारीमुळे १९ मार्च २०२० पासून चित्रीकरण थांबले. गोरेगावची भाड्याची खोली सोडून आम्ही मुळशी तालुक्यात, पौडजवळ थोरल्या भावाकडे आलो. माझे तीन महिन्यांचे पैसे एका निर्मात्याकडे अडकले होते. ते येतील अशी आशा नव्हती; पण पत्नीला हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. रोज सकाळी संगणक उघडून मी काम असल्याचे सोंग करीत असे.

जूनच्या आरंभी शेजारच्या आजी भाताचे रोप टाकण्याच्या तयारीत होत्या. सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह करूनही ज्यांची शेते मुळशी धरणात बुडाली, अशांपैकी एका घराण्यातल्या त्या. त्यांचे खायचे तांदूळ संपत आले होते. कणगीत मात्र आंबेमोहोर भात दिसत होते. मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते बियाण्याचं हाय, बाबा. उसनं आणून खाऊ, पर त्याला हात न्हाई लावायचा."

त्या रात्री मी हिशेबाची वही पत्नीपुढे ठेवली. ती रागावली नाही. "तीन महिने एकट्यानंच सोसलंत? मग मी कशाला आहे?" एवढेच म्हणाली. पैसे बुडाल्यापेक्षा त्या प्रश्नाने मी अधिक खजील झालो.

चित्रीकरण पुन्हा सुरू झाल्यावर आम्ही नेम केला : येईल त्या रकमेचा चौथा हिस्सा आधी बाजूला काढायचा. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा बंदी आली. अनेक मालिका गोव्यात गेल्या. मे महिन्यात तेथेही काम थांबले. त्या वेळी या शिलकीवर घर चालले. फार नव्हते, पण उसने मागावे लागले नाही.

व्यवसाय आजही तसाच बेभरवशाचा आहे. गेल्या महिन्यात आणखी एक मालिका अकस्मात संपली. त्या संध्याकाळी संगणक बंद करण्यापूर्वीच मी स्वयंपाकघरात जाऊन पत्नीला सांगितले. ती म्हणाली, "बसा, आधी चहा घ्या. मग वही काढू."