वत्सल रसातील अनिष्टशंका

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले. त्यांत वत्सल नाही. १४व्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त त्याला रसाचे स्थान दिले आणि त्याचे संचारी भाव सांगताना हर्ष व गर्व यांच्याही आधी अनिष्टशंका ठेवली. हा क्रम आम्ही वर्गात अनेकदा शिकवला. त्यातले मर्म आई झाल्यावर उमगले.

लेकीने तिसऱ्या महिन्यात मान धरली, पाचव्यात ती पालथी पडली, सहाव्यात उष्टावण झाले, नवव्यात रांगत तिने उंबरा ओलांडला. आम्ही प्रत्येक तारीख वहीत टिपत होतो. हर्ष आणि गर्व यांना तोटा नव्हता.

दहाव्या महिन्यात एका रात्री ताप चढला आणि तिला आकडी आली. डोळे फिरले, हातपाय ताठरले, झटके येऊ लागले. शेजारच्या आजी कांदा फोडून धावल्या. आम्ही तिला कुशीवर वळवले. घड्याळात दोनच मिनिटे गेली होती. रुग्णालयात तपासून डॉक्टर म्हणाले, “ही तापातली आकडी. ६ महिने ते ५ वर्षे या वयात काही मुलांना येते. बहुधा ५ मिनिटांच्या आत थांबते, मेंदूला इजा करत नाही. तोंडात काही घालू नका, कांदा हुंगवू नका.”

आता ती चालते. वहीत त्या दिवसाची तारीख आहे. तिच्या वरच्याच ओळीत त्या रात्रीची. झोपण्यापूर्वी तिच्या कपाळावर हात ठेवतो, तेव्हा विश्वनाथाने अनिष्टशंकेला दिलेले पहिले स्थान आम्हांला यथार्थ वाटते.