व्हीटी-शंभरचं सोंग

नाव टर्मिनल. राहणार प्रत्येक संगणकात, पण हाक मारल्याशिवाय बाहेर येत नाही. आला की एक काळी चौकट, डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारा ठोकळा, बस्स. बाकीचे प्रोग्राम बटणं, चित्रं आणि 'आपलं स्वागत आहे' घेऊन दारातच उभे असतात. हा काही विचारत नाही, काही सुचवत नाही. काम तुमचं आहे ना, मग पहिलं तुम्हीच बोला.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात बहिणीच्या माडीवर भाचा पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. टर्मिनल गृहस्थांचा मुक्काम तिथे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, लाँच धक्क्याला, त्यामुळे त्या दिवसांत भावोजीही माडीवर येऊन बसतात आणि मी गेलो की आम्ही दोघे मिळून ह्या काळ्या चौकटीचं निरीक्षण करतो. माझी ओळख जुनी. नव्वदच्या दशकात बँकेच्या काउंटरवर माझ्यापुढे एक जड डबा असायचा, काळ्या काचेवर हिरवी अक्षरं. त्याला स्वतःची अक्कल शून्य. मागच्या खोलीतल्या यंत्राला तो केबलने बांधलेला होता. इथे बोट दाबलं की अक्षर तिथे जायचं आणि तिथलं उत्तर इथे उमटायचं. तो खरा टर्मिनल.

भाच्याच्या पडद्यावरचा हा खरा नव्हे. नमन-खेळ्यात संकासूर येतो तसा हा येतो, सोंग घेऊन. ज्याचं सोंग घ्यायचं ते यंत्र डेक कंपनीने १९७८ साली काढलं, व्हीटी-१००. चोवीस ओळी, ओळीत ऐंशी अक्षरं. हे ऐंशी तरी त्याचं स्वतःचं कुठे? आयबीएमच्या १९२८ सालच्या भोकं पाडायच्या कार्डावर ऐंशी रकाने होते, तेच पुढे चालत आले. व्हीटी-१०० भंगारात जाऊन जमाना झाला, तरी आजही ही चौकट उघडली की पुष्कळदा ऐंशी बाय चोवीसच उघडते. १९८४ साली एक्सटर्म नावाचा प्रोग्राम निघाला, तो व्हीटी घराण्याची नक्कल करायचा. त्याच्यानंतर आलेल्या पुष्कळांना 'तू कोण?' असं एखाद्या प्रोग्रामने विचारलं की ते बेधडक सांगतात, मी एक्सटर्म. सोंगाचंही सोंग! आणि ह्या खोटेपणावाचून कुणाचं पान हलत नाही, कारण प्रत्येक प्रोग्राम ह्याच घराण्याची भाषा बोलायला शिकलेला आहे.

रंगरंगोटीचं मात्र त्याला वावडं नाही. म्हणाल तो फाँट, म्हणाल तेवढा आकार, पारदर्शक पाठ, ठोकळ्याऐवजी नुसती उभी रेघ. भाच्याने सगळं करून पाहिलंय. पारदर्शक पाठ दोन दिवसांत उडाली, कारण मागचं ईमेल पुढच्या अक्षरांतून डोकावायला लागलं. (पारदर्शक टर्मिनल फक्त फोटोत चांगला दिसतो, हे माझं ठाम मत.)

रंगांची खुबी मला उशिरा कळली. आतला प्रोग्राम सहसा लाल रंग मागतच नाही. तो म्हणतो, 'रंग क्रमांक १'. हिरवा २, निळा ४. मुळात असे आठ आणि त्यांचे उजळ भाऊ आठ. क्रमांक १ म्हणजे नेमका कोणता लाल, रक्ताचा की कोकमाचा, हे ठरवतो टर्मिनल. म्हणजे सोळा रंगांची एक यादी बदलली की बहुतेक प्रोग्रामांचं रूप पालटतं. ईथन स्कूनोव्हरने २०११ साली सोलराइज्ड नावाची अशी जोडी काढली, एक उजळ, एक काळोखी, दोन्ही त्याच सोळा रंगांतून मोजूनमापून बांधलेल्या. पुढे असल्या याद्यांचं पेवच फुटलं. ह्या छंदाला लोक हसतात, पण मूळचा क्रमांक ४ ज्याने काळ्यावर वाचून पाहिलाय तो हसणार नाही. फोल्डरांची नावं पुष्कळदा ह्याच निळ्यात येतात आणि काळोखात बुडून जातात.

एकदा भाच्याने क्रमांक १ला फिकट गुलाबी केलं. दिसायला छान. भावोजी मागे बसून पाहत होते. म्हणाले, "चूक झाली की लाल येतं म्हणालास ना? मग हे कसलं?"

"तेच लाल आहे, बाबा. जरा सौम्य केलंय."

"सौम्य कशाला? लाल दिसलं की हात थांबला पाहिजे."

हे नुसतं बापाचं बोलणं नव्हतं, तांडेलाचं होतं. लाँचीच्या केबिनमध्ये फिशफाइंडर असतो. तो पाण्यात ध्वनी सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी रंगांत मांडतो: क्षीण असेल तर निळा-हिरवा, जोरदार असेल तर लाल. तळ लाल, दाट थवाही लालसर. त्याचेही रंग बदलता येतात, पाठ काळी की पांढरी हे निवडता येतं, रात्री उजेड कमी करता येतो. रात्री तो करावाच लागतो, कारण भगभगीत पडद्याकडे बघून मान वर केली की समोरच्या होडीचा दिवासुद्धा पटकन दिसत नाही. पाठ काळी ठेवायचं हे कारण भाच्याने त्याच्या क्षेत्रातल्या कुणाकडून इतकं नीट ऐकलं नसेल. पण रंगाला एकदा अर्थ चिकटला की तांडेल त्याला हात लावत नाही. गुलाबी त्याच संध्याकाळी गेलं.

कळांच्या बाबतीत मात्र हा टर्मिनल वेगळाच माणूस. इथे रंगभूषा संपते आणि जुनं हाड लागतं.

तुम्ही नवखे असाल तर कॉपी करायला कंट्रोल-सी दाबाल. चाललेलं काम जागच्या जागी ठार. मुळात कंट्रोल ही कळ अक्षराला त्याच्या नुसत्या क्रमांकावर आणते. सी तिसरं, म्हणून संकेत ३, म्हणजे 'थांबव'. जी सातवं, संकेत ७: टेलिटाइप ह्या जुन्या यंत्रावर खरीखुरी घंटा वाजायची, आज टुंग एवढंच होतं. कंट्रोल-एस हा संकेत १९, 'जरा दम धर'. तो चुकून दाबला की चौकट गोठते, काही टाइप केलं तरी उमटत नाही, आणि माणूस संगणक बंद पडला असं समजून बटण दाबतो. टर्मिनल बिचारा कंट्रोल-क्यूची, संकेत १७ची वाट बघत असतो. कागद छापणाऱ्या यंत्रांच्या काळातली ही आज्ञा आहे आणि तो ती अजून पाळतो. एका ओळीच्या सूचनेने ही सवय मोडता येते. भाच्याने मोडली.

सगळ्या सवयी अशा मोडत नाहीत. आय नववं अक्षर, संकेत ९, आणि टॅबचाही संकेत ९च. एम तेरावं, एंटरही तेराच. म्हणून कंट्रोल-आयला वेगळं काम लावायला गेलात तर टॅबही तेच करू लागते. आतल्या प्रोग्रामला दोघांतला फरक पोचतच नाही. शिफ्टचं तर त्या जुन्या हिशेबात अस्तित्वच नाही. म्हणून आजचे टर्मिनल कंट्रोल-शिफ्ट-सी आत जाऊच देत नाहीत, दारातच पकडून कॉपी करतात. शिफ्ट जोडलेल्या कळा घरमालकाच्या, बिनशिफ्टच्या पाहुण्याच्या. एवढं समजलं की शॉर्टकट कुठे बसवायचे आणि कुठे नाही, ह्याचं निम्मं कोडं सुटतं. ही अडचण मुळातून उपटायचा प्रयत्न एका भारतीयाने केला. ई-पुस्तकांसाठी कॅलिबर बनवणारे कोविद गोयल, त्यांनीच किटी नावाचा टर्मिनल लिहिला आणि त्याच्यासाठी कळा सांगायची नवी रीत मांडली. तिच्यात टॅब आणि कंट्रोल-आय वेगवेगळे ऐकू येतात. कळफलक दुसऱ्या लिपीचा असला तरी बोट मूळ कुठल्या कळेवर पडलं, हेही तिच्यात सांगायची सोय आहे. इनस्क्रिप्टमध्ये सीच्या जागी म येतो. मराठी टाइप करता करता काम थांबवायचं असेल, तर 'कंट्रोल-म' म्हणजे काय हे कुणीतरी समजून घ्यायला नको?

मराठीपाशी मात्र टर्मिनलचं सोंग उघडं पडतं. ह्याच्या जगात प्रत्येक अक्षराला एक चौकोन. चिनी-जपानी अक्षरांसाठी दोन चौकोन द्यायचं त्याने मान्य केलं, पण आपलं अक्षर चौकोनात राहणारं नाही. 'मिरकरवाडा' लिहा. म आधी टाइप केला, वेलांटी नंतर, पण दिसायची आहे ती म-च्या आधी. कुणी तिला वेगळ्या चौकोनात फेकतो, कुणी म-वर चढवतो. 'रत्नागिरी'त तर त्नचं जोडाक्षर आणि गि दोन्ही आहेत. कर्सर एका जागी, खोडलं जातं दुसरंच. असं नाही की कुणी हात घातला नाही. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्ट ह्या भारतीय लिप्यांच्या तंत्राचं काम पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलं. सी-डॅकची स्थापना १९८८ची. संगणकात जिस्ट कार्ड खोचलं की डॉसच्या ऐंशी रकान्यांच्या पडद्यावर देवनागरी यायची, आणि युनिक्सला जोडायचे जिस्ट टर्मिनलही होते. खरे डबे मराठी बोलत असताना त्यांचं सोंग घेणाऱ्यांना अजून वेलांटी धड लावता येऊ नये, ही गोष्ट मला पचत नाही.

भाचा लाँचीचा डिझेल-बर्फाचा हिशेबही ह्याच चौकटीत साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवतो. परवा भावोजींनी चष्मा चढवून फाइलींची यादी वाचली. लाँचीचं नाव रोमन अक्षरांत.

"हे इंग्रजीत का?"

"ह्याला मराठी नीट दाखवता येत नाही, बाबा."

"मग दुसरा बघ."

भाचा आता दुसरे बघतोय. एकात वेलांटी जागेवर आली, पण कर्सर अजून एक घर पुढे पळतो.