म्हातारे हिरो आणि मोजदादीत नसलेली माणसं

‘द एक्सपेंडेबल्स’ चांगला सिनेमा आहे का, असं कुणी विचारलं तर मी सरळ नाही म्हणेन. टीव्हीवर लागला तर बघतोस का, असं विचारलं तर हो म्हणेन. या दोन उत्तरांच्या मध्ये काय आहे, त्यावर आज लिहितोय. राजकारणावरची पोस्ट हवी असलेल्यांनी थोडं थांबा, तेही येईलच.

ज्यांना नावानं आठवत नाही त्यांच्यासाठी सांगतो. २०१० सालचा सिनेमा. सिल्व्हेस्टर स्टॅलोननं स्वतः दिग्दर्शित केलेला, प्रदर्शित झाला तेव्हा त्याचं वय ६४. सोबत जेसन स्टॅथम, जेट ली, डॉल्फ लुंडग्रेन, मिकी रूर्क, कुस्तीवाला स्टीव्ह ऑस्टिन, आणि दोन-चार मिनिटांपुरते ब्रूस विलिस आणि अर्नोल्ड श्वार्झनेगर. भाडोत्री सैनिकांची एक टोळी, विलेना नावाचं काल्पनिक बेट, तिथला एक हुकूमशहा जनरल आणि त्याच्या आडून सूत्रं हलवणारा सीआयएचा जुना माणूस. टोळी जाते, बेट उडवते, परत येते. झाली गोष्ट!

तरी आमच्या पिढीला हा सिनेमा का ओढतो? कारण ही माणसं आमच्याकडे फार आधी येऊन गेली आहेत. गणपतीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्यानं आणायचा आणि रात्रभरात तीन पिक्चर हाणायचे, त्यात एक ‘रॅम्बो’ नाहीतर ‘कमांडो’ ठरलेला. इंग्रजी एकालाही कळायचं नाही, कुणाचं काही अडायचंही नाही. आमच्या गावात पहिली जिम निघाली तेव्हा तिथं मारुतीरायाच्या तसबिरीशेजारी अर्नोल्डचं पोस्टर होतं, आणि पोरं दोघांनाही नमस्कार करून वजनं उचलायची. स्टॅलोन भारी की अर्नोल्ड, यावरून मित्रामित्रांत अबोला झालेला मी पाहिलाय.

त्यामुळे चर्चमधला तो प्रसंग येतो तेव्हा आतून काहीतरी हलतंच. विलिस, स्टॅलोन आणि अर्नोल्ड एकाच चौकटीत. तोवर पडद्यावर स्टॅलोन आणि अर्नोल्ड असे समोरासमोर आलेच नव्हते. अर्नोल्ड तेव्हा खराखुरा कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर होता. तो काम नाकारून निघून जातो आणि मागे स्टॅलोन त्याच्या राजकीय महत्त्वाकांक्षेवर टोमणा मारतो. कथेत या प्रसंगाला फारसा अर्थ नाही. पण लग्नात बऱ्याच वर्षांनी भेटलेले तीन काका एकमेकांची खेचतात तेव्हा आपण जसे शेजारी उभे राहून हसतो, तसं होतं.

दुसरी ओढ शरीराची. या माणसांनी खरंच अंग झिजवलंय. ऑस्टिनसोबतच्या मारामारीत स्टॅलोनच्या मानेचं हाड मोडलं, आत धातूची पट्टी बसवावी लागली. या वयात हे करायला हौस लागते, आणि थोडा वेडेपणाही. साठी उलटली की माणसाला खुर्ची देऊन कोपऱ्यात बसवायची आपली पद्धत. त्यामुळे हे म्हातारे धावताना दिसले की बरं वाटतं.

दोषही तितकेच उघड आहेत. मारामाऱ्या इतक्या जवळून आणि इतके तुकडे करून दाखवल्यात की कोण कुणाला मारतंय ते कळत नाही. जेट लीसारखा माणूस हाताशी असताना त्याचा हात-पाय पूर्ण दिसू नये, ही तर चैनच झाली. शेवटची लढाई अंधारात, रक्त कॉम्प्युटरवर काढलेलं. लुंडग्रेन टोळीशी गद्दारी करतो, गोळी खातो, आपल्याला वाटतं आता काहीतरी घडलं. शेवटी बघावं तर तो टॅटूच्या दुकानात टोळीसोबत हसत बसलेला. बाईला काम एकच, सुटकेची वाट बघणं.

हे सगळं चालवून घेता येतं. मला बोचतं ते वेगळं आहे, आणि ते सिनेमाच्या नावातच आहे. ‘एक्सपेंडेबल’ म्हणजे खर्ची घालता येईल असा. ज्याच्या जाण्यानं वरच्यांचं काही अडत नाही असा. एवढं मोठं नाव घेतल्यावर खर्ची पडतं कोण, हे तरी बघायला हवं. टोळीतला एकही मरत नाही. मरतात ते विलेनाचे सैनिक, ढिगानं. त्यांना नाव नाही, धड चेहराही नाही. कुणा एकाच्या जाण्यावर कॅमेरा क्षणभरही थांबत नाही.

याच स्टॅलोनचा १९८२ सालचा ‘फर्स्ट ब्लड’ आठवा, पहिला रॅम्बो. तिथं पडद्यावर मरणारा माणूस एकच, आणि त्या एका मरणानं पुढचं सगळं पेटतं. व्हिएतनामहून परतलेला सैनिक शेवटी आपल्या कर्नलपुढे लहान पोरासारखा रडतो. युद्धात लाखो डॉलरची यंत्रं माझ्या हाती दिलीत, इथं मला साधी नोकरी मिळत नाही, असं त्याचं म्हणणं. वापरून टाकून दिलेल्या माणसाचा तो सिनेमा होता. खरा ‘एक्सपेंडेबल’ तो होता.

२०१० च्या सिनेमात या जातीचा एकच प्रसंग आहे. मिकी रूर्क गिटारवर रंगकाम करता करता बोस्नियातली आठवण सांगतो. पुलावरून उडी टाकायला निघालेली बाई दिसली, थांबवता आलं असतं, मी तोंड फिरवून पुढे गेलो. तेवढी दोन-तीन मिनिटं सगळा सिनेमा गप्प होतो. मग पुन्हा बॉम्ब सुरू.

आता पुढचे भाग. दुसऱ्या भागात, २०१२ साली, टोळीतला एक अखेर मरतो. कोण? सगळ्यांत तरुण पोरगा, नुकताच भरती झालेला. म्हातारे त्याच्यासाठी सूड घेतात. या भागाच्या चित्रीकरणात, ऑक्टोबर २०११ मध्ये, बल्गेरियात रबरी बोटीवरच्या स्फोटाचं दृश्य घेताना एक स्टंटमन खरोखर गेला, दुसरा गंभीर जखमी झाला. पोस्टरवर डझनभर मोठी नावं, आणि ज्याचा जीव गेला त्याचं नाव आपल्यापैकी किती जणांच्या कानावर आलं? मी बातमीदारीत वीसेक वर्षं काढली आहेत. ‘बांधकामावरून पडून मजूर ठार’ ही बातमी किती वेळा लिहिली त्याची मोजदाद नाही. पानावर जागा कमी पडली की आधी त्याचं गाव जातं, मग वय, मग नाव. कंत्राटदाराच्या वाढदिवसाच्या जाहिरातीतलं एक नाव मात्र गळत नाही.

तिसऱ्या भागात, २०१४ साली, स्टॅलोन जुन्या टोळीला घरी बसवून नवी पोरं घेतो. मला वाटलं, चला, आता सूत्रं पुढे जाणार. कसलं काय! पोरं पहिल्याच मोहिमेत पकडली जातात आणि जुने म्हातारेच येऊन त्यांना सोडवतात. हे बघून आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही पक्षाचा कार्यकर्ता ओळखीचं हसेल. पोरांनी सतरंज्या उचलायच्या, पोस्टर लावायची, केसेस अंगावर घ्यायच्या. तिकिटाची वेळ आली की साहेब म्हणतात, अजून तुला अनुभव नाही. अनुभव येणार कुठून, संधी साहेबांकडेच आणि साहेबांनंतर त्यांच्या घरात. केशरी, हिरवा, निळा, रंग कुठलाही घ्या. एखादा पोरगा दंगलीच्या गुन्ह्यात अडकून दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढतो, नोकरी जाते, लग्न रखडतं. ज्यांच्यासाठी दगड उचलला ते दोघं नेते एका व्यासपीठावर येऊन हार घालून घेतात. चर्चमधल्या त्या प्रसंगासारखेच टोमणे मारतात, हसतात. आपणही खालून टाळ्या वाजवतो.

चौथा भाग २०२३ साली आला. त्यात स्टॅलोन सुरुवातीलाच मेल्याचं दाखवलंय, आणि शेवटी कळतं की विमानात त्याच्या जागी दुसराच माणूस गेला. लेखकांनी हे विनोद म्हणून लिहिलंय. १० कोटी डॉलर खर्चाच्या त्या सिनेमानं जेमतेम निम्मे वसूल केले. पहिल्यानं ८ कोटींत २७ कोटींच्या वर कमावले होते. लोकांना म्हाताऱ्या हिरोंचा कंटाळा आला असं काही जण म्हणतात. मला वाटतं, पुन्हा पुन्हा तेच वाचणार हे कळल्यावर बघण्यासारखं उरतं काय?

पहिला भाग मात्र जरूर बघा. आता तर जास्तच. विलिसला भाषा हिरावणारा आजार झालाय, २०२२ पासून तो अभिनयातून निवृत्त आहे. चर्चमधला तो मिश्किल माणूस पुन्हा तसा दिसायचा नाही. बघताना हसा, शिट्टी मारा. फक्त शेवटी पडदा काळा होऊन नावं वर सरकायला लागली की लगेच चॅनेल बदलू नका. स्टंटवाल्यांची यादी खूप खाली येते, बारीक अक्षरात. तेवढी वाचायला दोन मिनिटं लागतात.