ब्रिक्स बघितला, आंबट बघितलं नाही



परवा डाळिंबं घेऊन मार्केट यार्डात गेलो होतो. पट्टी हातात पडून स्वारगेटला पोचेपर्यंत अंधार पडला. इंदापूरच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. आमचा भाचा स्टँडच्या मागंच खोली घेऊन राहतो. फोन केला तर म्हणाला, "मामा, रात्रीचं कशाला हाल करून घेताय? इकडंच या."

भाचा एका मोठ्या हॉटेलात वाईन वाढायच्या कामाला आहे. त्याची परीक्षा जवळ आलीय. साहेबांना विचारून उघड्या बाटल्यांत उरलेली थोडी थोडी वाईन अभ्यासाला घरी आणतो. फ्रीजमध्ये चार बाटल्या, सगळ्या पांढऱ्या वाईनच्या. मला म्हणाला, "मामा, तुम्ही वाईनची द्राक्षं लावली होती ना? चाखून बघा."

आमचे वडील माळकरी. घरात कधी थेंब आला नाही. मी नको म्हटलं. तर म्हणाला, "गिळायची नाही. तोंडात फिरवायची आणि बादलीत थुंकायची. परीक्षेतपण असंच करतात." चूळ भरायला काय हरकत, म्हणून बसलो. चहाचे काचेचे ग्लास घेतले.

पहिली अकलूजकडची, फ्रातेलीची शेनिन ब्लांक. फ्रातेली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्ची बंधू अशी तीन घरची भावंडं त्यात आहेत. वाईन करायला टस्कनीचे पिएरो मासी आले. माळशिरस तालुक्यातल्या मोटेवाडीच्या माळावर हे उभं राहिलं. नाशिकचं नाव सगळ्यांना ठाऊक, सोलापूर जिल्ह्यातली वाईन पुण्यातपण लई लोकांना माहीत नाही. वास पिकल्या पेरूचा, चव मऊ.

दुसरी नाशिकची सोव्हिन्यो ब्लांक. हिचा वास ढोबळी मिरची मोडल्यासारखा आणि मागून कैरी.

तिसरी इटलीची, वर्दिक्कियो. हे द्राक्षाचंच नाव. वेर्दे म्हणजे हिरवा, त्यावरून पडलेलं. मार्के नावाच्या भागातली. टस्कनी जगाला माहीत, डोंगरापलीकडच्या मार्केला कमी लोक ओळखतात. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर, मधल्या चढउतारावर बागा. घोट तोंडात घेतला आणि जबड्याच्या कडांना पाणी सुटलं. कागदी लिंबासारखा आंबटपणा, पण चावणारा नाही. शेवटी काकडीच्या देठाकडं लागतो तसा बारीक कडसरपणा. भाचा म्हणाला, "पुस्तकात ह्याला कडू बदाम म्हणतात." आम्ही बदाम कुठं एवढे खाल्लेत, मला काकडीच आठवली.

चौथी बाटली कुणाची ते लिहीत नाही. वास बरा होता. तोंडात मात्र काहीच नाही. सपाट. उसाच्या रसात लिंबू-आलं न टाकता द्यावा तशी. भाचा म्हणाला, "मामा, ह्यात आम्ल कमी पडलंय. घड उन्हात जास्त दिवस राहिला की असं होतं."

मंडळी, ते ऐकलं आणि मी ग्लास खाली ठेवला.

2006 साली मी एका कंपनीच्या करारावर एक एकर शेनिन लावली. डॉगरिजवर कलमं, तारा, ठिबक. त्यासाठी मालकिणीची बोरमाळ गहाण पडली. पहिला माल गेला, पैसे आले. दर ब्रिक्सवर ठरलेला, गोडी जास्त तर दर जास्त. मग 2009 ला मी हावरटपणा केला. 21 ब्रिक्सला तोडणी करायची सोडून 24 ची वाट बघत बसलो. तोवर मार्च उजाडला, ऊन तापलं. गाडी गेली, अर्धा माल परत आला. म्हणाले, ॲसिड गेलंय. मला वाटलं, बहाणा आहे. ते दिवसच तसे होते. 2008 ची मंदी, त्यात 26 नोव्हेंबरचा मुंबईवरचा हल्ला, हॉटेलं ओस, वाईनचा खप पडलेला. जो अर्धा माल घेतला त्याचे पैसे आजपर्यंत आले नाहीत. 2010 ला बाग कुऱ्हाडीनं काढली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलो, कंपनीनं फसवलं.

पैसे बुडवले ते खरंच. पण ॲसिड गेलं होतं तेपण खरं होतं. ते कळायला पंधराच्या वर वर्षं आणि स्वारगेटची खोली लागली.

आता शेतीचं सांगतो. द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. घड पिकताना साखर चढते आणि मॅलिक उतरतं. उकाड्यात ते झपाट्यानं जळतं, रात्री गार असल्या की टिकतं. इटलीत वेल थंडीत झोपतो, छाटणी एकदाच, तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्यांचा घड थंडीकडं जाताना पिकतो. आपली खरडछाटणी एप्रिलला, फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरला आणि आपला घड उन्हाळ्याकडं जाताना पिकतो. त्यांना उशीर परवडतो, आपल्याला दर दिवस महाग पडतो.

म्हणून ज्यांच्याकडं पांढऱ्या वाईनची जात आहे त्यांनी फळछाटणी लांबवू नका. नुसता रिफ्रॅक्टोमीटर घेऊन हिंडू नका, पीएचपण मोजा. 20 ते 22 ब्रिक्स आणि पीएच 3.2 ते 3.4 च्या आत, तेव्हा तोडा. तोडणी पहाटे, माल गार असताना. आणि करार करताना दर फक्त गोडीवर ठेवू नका. तसा दर आपल्याला हावरट करतो. आम्लाचं कलम लिहून घ्या. माल नाकारला तर तपासणीचा कागद मागा. मी मागितला नव्हता.

थॉमसनवाल्यांना हे वेगळं वाटेल. खायच्या द्राक्षाचा मणी गिऱ्हाईक तोडून बघतं, आपणपण बघतो. वाईनच्या द्राक्षाचं पुढं काय होतं ते मी चार वर्षांत एकदाही चाखलं नव्हतं. कुणी दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही.

सकाळी पहिल्या गाडीनं घरी आलो. मालकिणीला सांगितलं, त्या साली चूक माझीपण होती. ती भाकरी थापतच म्हणाली, "असंल. पण घेतलेल्या मालाचे पैसे तर द्यायचे की." तिचंही बरोबर आहे.

तुमच्यापैकी कुणी अजून वाईनची बाग ठेवलीय का? तोडणीला पीएच किती धरता ते खाली लिहा.