इंजिन वाढवण्याआधी

होडी मंद चालते ना, मग मोठं इंजिन बसवा, असं मी चारचौघांत ठासून सांगायचो. सरदार सरोवराच्या बुडितात आपल्या जिल्ह्यातली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं आली. तिथल्या कित्येक पाड्यांची दवाखान्याची वाट आता पाण्यावरून जाते. वेळ वाचवायचा तर ताकद हवी, यात वाद कसला? प्रयोगशाळेतल्या प्रतिकृतींवर तर माझा काडीचा विश्वास नव्हता. हातभर खेळणं टाकीत ओढून भरल्या होडीचं काय कळणार?

विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याचं काम वाचलं आणि दोन्ही मतं ढासळली. माझी शंका त्याच्या काळातल्या जाणत्यांनाही होती. जॉन स्कॉट रसेलसारखा नामांकित जहाजबांधणीकारही असल्या छोट्या प्रयोगांना किंमत देत नव्हता. फ्रूडने 1867 मध्ये डार्ट नदीत दोन घडणींच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या, प्रत्येकी 3, 6 आणि 12 फुटांच्या. एकाच घडणीच्या लहान-मोठ्या प्रतिकृतींभोवती लाटांची नक्षी सारखीच उठायची. मात्र त्यासाठी वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवावा लागे. म्हणजे 9 मीटरच्या होडीची 1 मीटरची प्रतिकृती एक तृतीयांश वेगाने ओढायची.

हे कळलं तेव्हा बुडितातली होडी मला नव्याने दिसू लागली. वेग वाढतो तशी तिची लाट लांबत जाते. 9 मीटरच्या होडीला ताशी साडेतेरा किलोमीटरच्या आसपास लाट होडीएवढीच लांब होते. मग मागची बाजू खळग्यात बसते, तोंड वर उचलतं आणि नावाड्याने कितीही रेटलं तरी डिझेल तेवढं जळतं, वेग जेमतेम वाढतो. भरल्या, जड होडीचं हे दुखणं इंजिनाने बरं होत नाही.

तरी प्रतिकृतीवर विश्वास बसला तो वेगळ्याच कारणाने. पाण्याचं घर्षण या वर्गमुळाच्या नियमात बसत नाही, हे फ्रूडने स्वतःच मांडलं. म्हणून त्याने निरनिराळ्या लांबीच्या फळ्या पाण्यात ओढून घर्षण वेगळं मोजलं. प्रतिकृतीच्या रोधातून ते वजा करायचं, उरलेला रोध मोठ्या जहाजाच्या मापाने वाढवायचा आणि जहाजाचं घर्षण त्यात मिळवायचं. 1871 मध्ये 'ग्रेहाउंड' हे खरंखुरं जहाज दुसऱ्या जहाजाने ओढून दोराचा ताण मोजला, तेव्हा हा हिशेब बऱ्यापैकी जुळला. 1872 पासून टॉर्कीच्या त्याच्या तलावात मेणाच्या प्रतिकृती ओढल्या जाऊ लागल्या. आपली प्रतिकृती कुठे फसवते हे ज्याला नेमकं ठाऊक आहे, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

आपल्या खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात धरणांच्या सांडव्यांच्या प्रतिकृती याच वर्गमुळाच्या नियमाने तपासतात. त्यांनाही मी खेळणी म्हणत आलो होतो.

आता कोणी मोठ्या इंजिनाच्या मागणीचा अर्ज घेऊन आलं, की मी सहीआधी विचारतो: होडी किती लांब, भार किती, आणि मागून ती किती खाली बसते?