इन्स्टिट्यूटचा संघ

१९५७ साली भुसावळच्या रेल्वे दफ्तरात मी कारकून म्हणून रुजू झालो, तेव्हा जी. आय. पी. रेल्वेची मध्य रेल्वे होऊन सहा वर्षे लोटली होती. परंतु वसाहतीतील वृद्धांच्या जिभेवरून 'जीआयपी' काही उतरली नव्हती, आणि रेल्वे इन्स्टिट्यूटमधील बिलियर्डचे टेबल व नाचाची गुळगुळीत लाकडी जमीन पाहिली म्हणजे त्यांना दोष द्यावा असेही वाटत नसे. या इन्स्टिट्यूटचा एक फुटबॉल संघ होता. त्याचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून चाले. आणि वर्गणी दरमहा पगारातून परस्पर कापली जात असल्यामुळे, ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता असे हिशेबनीसदेखील सामना हरल्यावर आम्हांला आपल्या पैशाचा जाब विचारीत.

मैदान काळ्या मातीचे. वैशाखात हातभर भेगा पडणारी ती जमीन मृगानंतर अशी चिकटे, की चेंडू एकीकडे आणि बूट दुसरीकडे अशी अवस्था होई. गोलपोस्टापुढील खळग्यांत आम्ही लोको शेडमधून इंजिनाची राख आणून टाकीत असू. तिच्यात लोळून गोलरक्षक आपादमस्तक काळा होई. पण आमचा गोलरक्षक मुळात फायरमनच असल्यामुळे त्याचे कोणास नवल वाटत नसे.

त्याच्यासारखा गोलरक्षक मी पुन्हा पाहिला नाही. पण तो मैदानात हजर असेलच अशी शाश्वती नसे; कारण संघाची निवड कागदोपत्री समितीकडे असली, तरी खरी निवड गाड्यांचे वेळापत्रकच करी. कारकून मंडळींची गोष्ट निराळी. परंतु फायरमन, गार्ड यांच्यापैकी सामन्याच्या दिवशी कोण गावी असेल आणि कोण परगावच्या रनिंग रूममध्ये निजला असेल, हे ब्रह्मदेवासही सांगता आले नसते.

१९५८ च्या पावसाळ्यात ईस्टर्न रेल्वेने कलकत्त्याची लीग जिंकली. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन स्पोर्टिंग या मातब्बरांना मागे सारून रेल्वेच्या नोकरांनी अजिंक्यपद मिळवावे, ही वार्ता इन्स्टिट्यूटच्या वाचनालयात इतक्या वेळा वाचली गेली, की वर्तमानपत्राची घडी फाटली. त्या संघातील पी. के. बॅनर्जी दोन वर्षांपूर्वी मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये खेळले होते, आणि पुढे १९६० मध्ये रोमला ते भारताचे कर्णधार झाले; पण आम्हांला अभिमान वाटे तो ते आमच्यासारखेच रेल्वेचे पगारी नोकर असल्याचा. त्यांच्या आणि आमच्या खेळात साम्य म्हणाल तर एवढेच होते.

त्याच मोसमातल्या आमच्या एका सामन्याची गोष्ट. मध्यंतरापर्यंत गोल कोणाचाच झाला नव्हता. उत्तरार्धास आरंभ होऊन पाच-सात मिनिटे होतात न होतात तोच, ड्यूटीचे बोलावणे पोहोचवणारा कॉलबॉय, काखेत सहीची वही म्हणजे कॉलबुक घेऊन, सायकल कुंपणास टेकवून, अगदी शांतपणे गोलपोस्टाजवळ जाऊन उभा राहिला. कोणी फायरमन ऐन वेळी सिकमध्ये गेला होता आणि संध्याकाळच्या मालगाडीवर आमच्या गोलरक्षकाची तैनात झाली होती. त्याने चिखलाचा हात चड्डीला पुसला, वहीत सही केली, आपली टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि तो निघाला. रेल्वेत प्रत्येक हुद्द्याला बदली माणूस मिळे. आमच्या फुटबॉलच्या सामन्यांत मात्र त्या काळी बदली खेळाडूची मुभा नव्हती. सबब, उरलेल्या दहांतून कोणीतरी गोलात उभे राहणे प्राप्त होते, आणि मी लेफ्ट बॅक असून अंगाने सर्वांत उंच होतो.

तीन गोल झाले. त्यांचे वर्णन करण्याचे कारण नाही.

ही बातमी मालगाडीच्या आधी पुढे पोहोचली. कंट्रोलच्या टेलिफोनवर गाड्यांच्या येण्याजाण्याखेरीज दुसरे बोलण्यास मनाई असे, आणि त्याच तारेवरून सामन्याचा निकाल स्टेशनोस्टेशनी कळे. जळगावच्या फलाटावर हिरवा दिवा दाखवीत उभ्या असलेल्या मास्तरांनी मोकळ्या हाताची तीन बोटे दिव्याच्या उजेडात धरली, असे गोलरक्षकाने मला तिसऱ्या दिवशी सांगितले. तो नुकताच परतला होता. डोळ्यांत अजून कोळशाची भुकटी होती.

"तीन?" त्याने विचारले.

"तीन."

"हाताला किती लागले होते?"

"तिन्ही," मी म्हणालो.

त्यावर तो काही बोलला नाही. फक्त आपली टोपी त्याने परत मागितली.